विश्लेषण : कोयनेच्या पाण्याला धनी किती? बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या कामाची गोष्ट

सातारा-सांगलीकडची कितीतरी मुलं-मुली पुण्यात बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करतात. गावी गेल्यावर ‘म्हणजे नेमकं करतेस काय गं?’ असा प्रश्न आला की उत्तर देताना अडखळायला होतं. प्रकल्पाशी ज्यांचा ज्यांचा संबंध आहे, त्यांना काय हवंय ते समजून घ्यायचं, त्यांच्या मागण्यांचा मेळ घालायचा आणि तो कागदावर आणायचा, हे त्यांचं काम. या मंडळींना म्हणतात स्टेकहोल्डर. मराठीत सर्रास ‘भागधारक’ लिहितात, ते चुकीचं आहे. भागधारकाचा पैसा गुंतलेला असतो. स्टेकहोल्डरची दमडीही नसेल, पण निर्णयाची झळ त्याला बसते. ‘हितसंबंधी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा.

हे काम समजून घ्यायला कोयना धरणाइतकं चांगलं उदाहरण नाही.

एका धरणाचे हितसंबंधी किती?

पाटण तालुक्यातल्या या धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. विजेसाठीचं पाणी पश्चिमेला वळतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, ते परत येत नाही. कृष्णा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेला सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं. पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आणि सांगली शहराचे नळ त्याची वाट पाहतात. गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये हीच सांगली ‘विसर्ग कमी करा’ म्हणते आणि एप्रिलमध्ये ‘वाढवा’.

२०२३ मध्ये पाऊस कमी पडला, धरण पूर्ण भरलं नाही आणि विसर्गावरून साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पुढाऱ्यांत जाहीर वाद झाला. पाणी कमी होतं हे खरंच. पण भांडण पेटलं ते कधी सोडायचं आणि कोणाच्या शब्दावर सोडायचं, यावरून. प्रकल्पांतही हेच होतं. ‘आम्हाला पाणी हवं’ ही अ‍ॅनालिस्टच्या लेखी मागणीच नव्हे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला एप्रिलच्या खरड छाटणीनंतर किती दिवस, किती पाणी लागतं, हे लिहिलं तर ती मागणी. तसं लिहिलं की निम्मी भांडणं आपोआप तारखांची होतात, आणि तारखा जुळवता येतात.

मग चुकतं कुठे?

या क्षेत्रात एक लोकप्रिय चौकट शिकवतात : कोणाकडे ताकद किती आणि आस्था किती. ताकदवान माणसाला सांभाळा, बाकीच्यांना माहिती देत राहा. चौकट कामाची आहे, पण माझं तिच्याशी भांडण आहे. कोयनेसाठी ज्यांची गावं गेली, त्यांची ताकद तेव्हा काहीच नव्हती. त्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी पुढच्या पिढ्यांना आंदोलनं करावी लागली. सुरुवातीला न ऐकलेली मागणी संपत नाही, व्याजासकट परत येते.

याच भागात उलट उदाहरणही आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा स्मृती धरण उभारलं. तिथे पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला गेला. ज्याच्याकडे रानच नाही त्याला पाणी कशाला, असं कुणीही म्हटलं असतं. पण त्यांनाही हितसंबंधी मानलं गेलं.

नव्या अ‍ॅनालिस्टने काय करावं?

समजा, साखर कारखान्याच्या ऊसनोंदणीचं अ‍ॅप करायचंय. बैठकीला चेअरमन, कार्यकारी संचालक, शेती अधिकारी येतील. त्यांना रोजचा आकडा मोबाइलवर हवा असेल. ते लिहून घ्याच. पण बैठकीत नसतात तो चिटबॉय, ऊसतोड टोळीचा मुकादम आणि तोड कधी येणार म्हणून हेलपाटे घालणारा दोन एकरवाला. एक दिवस चिटबॉयच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरा. उसाच्या फडात मोबाइलला रेंज नाही, हे चेअरमनच्या केबिनमध्ये कधीच कळणार नाही. तिथे नेटवर्क उत्तम असतं.