कॅरॅव्हॅनमध्ये शेगडी नको!

ऑस्ट्रेलियात मुलांकडे राहायला गेलेले आईबाबा आता नातवंडांबरोबर कॅरॅव्हॅनच्या सहलीलाही जातात. व्हिक्टोरियातल्या ब्राइटसारख्या छोट्या गावात, ओव्हन्स नदीकाठी मुक्काम असतो. दिवस छान जातो, पण हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. मग कुणीतरी म्हणतं, "बाहेरची शेगडी जरा आत घेऊया, ऊब येईल."

माझं स्पष्ट मत आहे, हे कधीही करू नका. कोळसा किंवा गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. विझत आलेले निखारेही हा वायू सोडत असतात.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणं. आपल्याला वाटतं, प्रवासाचा शीण असेल किंवा बाहेरचं खाणं बाधलं असेल. पण सगळ्यांनाच एकदम त्रास होत असेल, तर आधी हीच शंका घ्या. सगळे लगेच बाहेर पडा आणि 000 ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. विषबाधा झालेली असतानाही तो नॉर्मल आकडा दाखवू शकतो.

कॅरॅव्हॅन भाड्याने घेताना फ्रीज आहे का, टीव्ही आहे का, हे तुम्ही विचारताच. त्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, ते विचारा. थंडीसाठी जास्तीची पांघरुणं न्या.