सरकवण्याआधी मोजा

लग्नाचा व्हिडिओ हाती पडून आठवडा होतो न होतो तोच संकलकाला फोन येतो: मंगलाष्टके म्हणताना गुरुजींचे ओठ आधी हलतात, आवाज मागाहून येतो. संकलक फाइल उघडतो, आवाज पाच चौकटी पुढे ओढतो, सुरुवात जुळलेली पाहतो आणि नवी फाइल पाठवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आता मंगलाष्टके ठीक असतात, सप्तपदी बिघडलेली असते.

सिंकची तक्रार या धंद्यात रोजची, पण तिचे निदान मात्र बहुतेक वेळा डोळे मिटून होते. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल, तर सरकवून काम भागते. त्यासाठी चित्र पुन्हा एन्कोड करण्याचीही गरज नसते. एमकेव्हीटूलनिक्ससारखे साधन चित्राला हात न लावता आवाजाला हवा तेवढा विलंब लावून देते. अंतर वाढत जात असेल, तर सरकवल्याने दोष फक्त जागा बदलतो. म्हणून मोजायचे दोन ठिकाणी, एकदा सुरुवातीजवळ आणि एकदा शेवटाजवळ. क्लॅप असेल तर उत्तमच. नसेल तर तबल्याची थाप, आपटलेले दार, बॅटवर आलेला चेंडू. नुसत्या ओठांवरून मोजायची वेळ आली, तर प, ब, म यांसाठी ओठ मिटतात तेवढेच क्षण भरवशाचे.

दोन मोजमापे हातात आली की आकडेच बोलू लागतात. तासाला 3.6 सेकंदांची तफावत दिसली, तर कुठेतरी 24 आणि 23.976 यांची गल्लत झाली आहे. 1953 साली अमेरिकेने रंगीत टीव्ही आणताना रंगाचा आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सेकंदाच्या 30 चौकटी 29.97 वर आणल्या. त्याच प्रमाणात 24 चे 23.976 झाले. भारताचा संसार पाल पद्धतीशी, म्हणजे 25 चौकटींशी होता. तरी कॅमेऱ्याच्या मेनूतून हे अपूर्णांक इथे शिरलेच.

जुन्या मराठी चित्रपटांवर काम करणाऱ्यांना यापेक्षा मोठी तफावत भेटते. 24 चौकटींवर चित्रित झालेला चित्रपट पाल टेपवर उतरवताना सरळ 25 ने पळवला जाई. 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपे आणि आवाज सुमारे पाऊण अर्धस्वराने चढे. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी अधांतरी लटके. आता प्रिंटचे नवे स्कॅन 24 चे आणि आवाज त्या जुन्या टेपचा, अशी जोडी लावली की पहिल्या मिनिटातच 2.4 सेकंदांचे अंतर पडते. आवाज 25/24 पट लांबवला की ते मिटते. पण लांबवायचे कसे, हा खरा प्रश्न. सॉफ्टवेअरमधला ‘सूर तसाच ठेवा’ हा पर्याय अनेकदा आधीच चालू असतो, आणि इथे तोच घात करतो. सिंक जुळते, गाणे मात्र चढलेलेच राहते. टेप सावकाश फिरवावी तसा वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरवायला हवेत. टेप करतानाच कोणी सूर दुरुस्त केला असेल, तर मात्र उलट. संशय असल्यास स्पेक्ट्रम पाहावा. मूळ ध्वनिमुद्रणात शिरलेला विजेचा 50 हर्ट्झचा घरघराट सापडला आणि तो 52 च्या आसपास दिसला, तर सूर चढलेलाच आहे.

अंतर सावकाश न वाढता उडी मारत असेल, तर गुणाकार-भागाकार उपयोगाचे नाहीत. 2000 फुटांचे 35 मिमीचे रीळ सुमारे 22 मिनिटे चालते. त्या सुमारास सिंक तुटत असेल, तर रिळाच्या टोकाला फाटलेल्या आणि छाटून टाकलेल्या चौकटी शोधाव्यात. दुसरीकडून मिळवलेल्या आवाजात तेवढा तुकडा शाबूत असतो. अशा वेळी रीळवार तोडून जोडणे हाच मार्ग. कष्टाचा आहे, पण आडवाट नाही.

मोबाइलच्या चित्रीकरणाची तऱ्हा निराळी. मांडवात उजेड कमी झाला की अनेक फोन सेकंदाच्या चौकटी आपणहून कमी करतात आणि प्रत्येक चौकटीवर तिची वेळ नोंदवतात. जे सॉफ्टवेअर ही नोंद न वाचता सगळ्या चौकटी समान अंतरावर मांडते, तिथे आवाज कधी मागे, कधी पुढे. मीडियाइन्फोमध्ये ‘व्हेरिएबल’ दिसले की टाइमलाइनवर घेण्याआधीच हँडब्रेकमधून चौकटींचा दर स्थिर करून घ्यावा. संकलन झाल्यावर हे सुचले, तर केलेली सगळी जुळवाजुळव पुन्हा तपासावी लागते.

किती चूक खपते? आयटीयूच्या बीटी.1359 या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या पुढे 45 मिलिसेकंद असला तरी जाणवू लागतो, मागे असेल तर 125 पर्यंत सहसा जाणवत नाही. वीज आधी आणि गडगडाट नंतर, याची कानांना जन्मापासून सवय असते. त्यामुळे निर्णय अडला तर आवाज किंचित मागे ठेवलेला बरा.

आणि फाइलला दोष देण्याआधी ग्राहक ती कशावर पाहतो, हे विचारावे. ब्लूटूथ हेडफोन आवाजाला सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर लावतात. तारेचा हेडफोन लावून तोच प्रसंग पुन्हा पाहायला सांगितला, तर दुसरी फाइल पाठवायची वेळ बऱ्याचदा येत नाही. पाठवावीच लागली, तर सोबत एक ओळ असावी: मूळ चौकटींचा दर, ध्वनीचा नमुना-दर, आवाज किती पटीने लांबवला आणि सूर बदलला की नाही. दहा वर्षांनी तीच फाइल पुन्हा रूपांतरित करणाऱ्याला निम्मे काम त्या ओळीतच सापडेल.