विरारच्या फोनवर उघडेल का?

22 मार्च 2020 च्या रात्री करोनाच्या साथीमुळे मुंबईच्या लोकल थांबल्या. 15 जूनला त्या पुन्हा धावू लागल्या, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. अंधेरी, मालाड, ऐरोलीच्या कंपन्यांत जाणारी वसई-विरारची माणसं घरातच लॅपटॉप उघडून कामाला बसली. आपल्या कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे कंपनीच्या लोकांपुरतं असलेलं अंतर्गत संकेतस्थळ, ऑफिसबाहेर धड चालत नाही, हे त्या आठवड्यांत अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, मेडिक्लेमचा फॉर्म, सगळं त्यातच होतं. मात्र तिथं पोचायला ऑफिसचं नेटवर्क किंवा बाहेरून त्याला जोडणारं व्हीपीएन लागायचं, आणि सगळे एकदम घरून जोडले जातील असा विचार व्हीपीएन घेताना कोणी केलेला नव्हता.

त्यानंतर कंपन्यांनी डागडुजी केली. इंट्रानेट मुळातून बदलण्याचं काम मात्र बऱ्याच ठिकाणी अजून 'पुढच्या वर्षी' वर ढकललं जातं. त्यातली कितीतरी इंट्रानेट इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात, त्याच ब्राउझरसाठी बांधली गेली. मायक्रोसॉफ्टनं 15 जून 2022 ला त्या ब्राउझरला निरोप दिला, पण जुनी पानं चालावीत म्हणून एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' ठेवला आणि तो निदान 2029 पर्यंत राहील असं सांगितलं. ही सोय विंडोजच्या संगणकावर चालते, फोनवर नाही. लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करणाऱ्याच्या हातात फोनच असतो.

इंट्रानेट नीट बांधण्याचं काम मुंबईतल्याच एका कंपनीनं फार आधी हाती घेतलं होतं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये कामाचं ज्ञान एका जागी जमवण्याचा प्रयत्न 1995 पासून सुरू झाला आणि 2002 मध्ये 'अल्टिमॅटिक्स' हे पोर्टल आलं. तोवर वेगवेगळे असलेले माहितीचे साठे त्यात एकत्र आणले गेले. पुढे 'जस्ट आस्क' नावाची सोय आली. कर्मचाऱ्यानं अडलेला प्रश्न तिथं टाकायचा आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं उत्तर द्यायचं, मग तो कुठल्याही शहरात असो. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. परदेशात क्लायंटकडे एकट्यानं बसलेल्या माणसाला शंभर पानांच्या नियमावलीपेक्षा आधी हे काम केलेला एक सहकारी जास्त उपयोगी पडतो. आज ही कंपनी पन्नासहून जास्त देशांत काम करते आणि तिच्या कर्मचाऱ्यांची संख्या लाखांत मोजावी लागते. इतक्या लोकांनी एकमेकांना शोधायचं, तर अशी जागा हवीच.

जगभर विखुरलेले कर्मचारी म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. वसईत मात्र त्याचा अर्थ कुणाचा तरी मुलगा शिपवर, कुणाचे दीर गल्फला, असा असतो. त्यांच्या अडचणी मुख्य कार्यालयाला दिसत नाहीत. लॉगिनचा ओटीपी भारतातल्या नंबरवर जातो आणि ते सिम इथं घरी कपाटात पडलेलं असतं. बोटीवर इंटरनेट सॅटेलाइटचं, मोजूनमापून मिळणारं. त्यावर इंट्रानेटचं पहिलं पान उघडताना अध्यक्षांचा भलामोठा फोटो आणि वर्धापनदिनाचा व्हिडिओ उतरत राहतो आणि हवा असलेला फॉर्म येण्याआधीच डेटा संपतो. सागरी कामगार करारातल्या 2022 च्या दुरुस्त्या 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाल्या. शक्य असेल तिथं खलाशांना जहाजावर इंटरनेट द्यावं, असं त्या सांगतात. जोडणी मिळेल, पण पान हलकं करण्याचं काम कंपनीलाच करावं लागेल.

आपत्तीच्या दिवशी तर इंट्रानेट फोनवर नसण्याची अडचण फारच जाणवते. जुलै 2018 च्या पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद पडल्या, वसईतले कितीतरी भाग अंधारात गेले. अशा दिवशी ऑफिसला यायचं की नाही, रजा कापली जाणार का, हे माणसाला त्याच्या फोनवर, दोन ओळींत आणि वेळेत कळायला हवं. सूचना इंट्रानेटवर टाकली होती, एवढं म्हणून व्यवस्थापनाची जबाबदारी संपत नाही.

नवं इंट्रानेट आणताना सगळे रंगरूपाकडे आणि कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं याकडे बघतात. खरी मेहनत जुनं निवडून टाकण्यात आहे. 'प्रवासभत्ता' असं शोधलं की 2011, 2015 आणि 2019 ची तीन परिपत्रकं समोर येतात आणि चालू कोणतं ते कुठंच लिहिलेलं नसतं. प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस आणि एक मुदत हवी. मुदत संपली आणि त्यानं पान तपासलं नाही, तर ते शोधात येऊ नये. हे कंटाळवाणं काम आहे, महिनोन्‌महिने चालतं आणि उद्‌घाटनाच्या फोटोत दिसत नाही. म्हणून ते टाळून थेट चॅटबॉट बसवण्याची घाई आता सुरू झाली आहे. मला ही घाई धोक्याची वाटते. जुन्या ढिगावर बसवलेला चॅटबॉट 2011 चा नियम आजचा म्हणून सांगेल, तोही ठाम सुरात. मग रात्रपाळीतली मुलगी त्यावर विसंबून कॅबचं बिल स्वतःच्या खिशातून भरेल.

वसईतल्या वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांमध्ये मशीनवर उभ्या असलेल्या कामगारांचा विचार तर या चर्चेत फारसा येतच नाही. इंट्रानेटला कंपनीचा ईमेल आयडी लागतो आणि तो त्यांना दिलेलाच नसतो. त्यांचं इंट्रानेट म्हणजे सुपरवायझरचा व्हॉट्सॲप ग्रुप. नोकरी सुटली की ग्रुपमधून नाव निघतं आणि पुढची कोणतीही सूचना मिळत नाही. तुमच्या कंपनीत नव्या इंट्रानेटची समिती बसत असेल, तर या कामगारांपैकी एकाला तिच्यात घ्या. कर्मचारी क्रमांक आणि स्वतःचा मोबाइल एवढ्यावर त्यांना लॉगिन करता येऊ द्या. पगाराची स्लिप, पीएफची नोंद आणि अपघात झाल्यास कुणाला फोन करायचा, ही तीन पानं मराठीत आणि हिंदीत आधी तयार करा. अध्यक्षांचं मनोगत दुसऱ्या टप्प्यात आलं तरी चालेल.