तोंडचे जल

पाणी, जल, नीर, उदक. समानार्थी शब्दांची ही यादी आमचे विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतात. पण एखाद्याने 'तोंडचे जल पळाले' असे लिहिले की सारा वर्ग खो खो हसतो! कोशात मांडीला मांडी लावून बसलेले शब्द वाक्यात एकमेकांच्या जागी बसतातच असे नाही. हाच नियम रेडिओलाही लागू आहे, हे मला यंदा पोहरादेवीला समजले.

वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे; रामनवमीला मोठी यात्रा भरते. २०२४ साली इथे नगाऱ्याच्या आकाराच्या वास्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. ते पाहून जवळच्या तांड्यात एका विद्यार्थ्याच्या घरी चहाला थांबलो, तर ओट्यावर त्याच्या आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर उघडा पडलेला. कापसाच्या पैशातून हौसेने घेतलेला तो सेट महिनाभर घोगरा झाला होता, आणि आजोबांना करमत नव्हते. मेकॅनिक डोके खाजवत होता.

"एक पुर्जा गेला, दुसरा बसव. त्यात येवढा इचार काय करतं?" आजोबा म्हणाले.

"बसवणं सोपं हाये बाबाजी. जमवणं कठीण."

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. जुन्या रेडिओंतले ट्रान्झिस्टर बहुधा जर्मेनियमचे असत. आपल्याकडे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ साली ते बनवायला घेतले. पुढे उष्णता अधिक सोसणारे सिलिकॉन आले आणि जर्मेनियम बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. आजोबांच्या सेटमध्ये शेवटी, स्पीकरच्या अलीकडे, 'एसी १२८' या जातीची जोडी होती. त्यातला एक गेला होता.

पर्यायी नावांची पुस्तके मिळतात. एका नावापुढे चार नावे छापलेली असतात. पण आमचा मेकॅनिक तेवढ्यावर भुलणारा नव्हता. जात पीएनपी की एनपीएन? व्होल्ट आणि प्रवाह किती सोसणार? आवाज किती पट वाढवणार? पायांचा क्रम कोणता? मुलीसाठी स्थळ पाहावे तशी ही चौकशी!

मग सिलिकॉनचाच का नाही बसवायचा? तर जर्मेनियम सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्टला जागा होतो, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. नुसता बदलून टाकला, तर मोठा आवाज बरा येतो आणि हळू केला की फाटतो. म्हणजे नव्या पाहुण्यासाठी शेजारचे रेझिस्टरही बदलायला हवेत. शिवाय हे दोघे एका जुवाखालचे बैल. लहरीचा अर्धा भाग एक ओढतो, अर्धा दुसरा. एक तगडा आणि एक मरतुकडा असून भागत नाही.

शेवटी त्याने पत्र्याचा डबा काढला. त्यात मोडीत निघालेल्या सेटांतले 'एसी १२८' होते. मीटर लावून एकेक मोजला आणि सारख्या ताकदीचे दोन निवडून जोडीच्या जोडी बदलली. रेडिओ अगदी हळू लावला, तरी शब्दन्‌शब्द स्वच्छ आला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी चहा पुन्हा ठेवायला सांगितला.

हल्ली जुन्या खोक्यात तयार पट्टी बसवून देणारेही आहेत. गाणे लागते, खोके तेच दिसते. पण नगाऱ्याचे कातडे फाटले तर नवे चढवून, ताणून, त्याच भांड्याच्या नादाला आणतात. आत लाऊडस्पीकर ठेवला, तर तो नगारा कसला?

वाचकहो, दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरचा मुका रेडिओ हाती लागला असेल. तो किलोच्या भावाने भंगारात घालण्यापूर्वी एखाद्या जुन्या मेकॅनिकला दाखवा. तो कदाचित बोलेल. नाहीच बोलला, तरी त्याच्या पोटातली एखादी जोडी कुणाच्या तरी आजोबांचा रेडिओ बोलता करील. असा पुर्जा आता दुकानात सहजी मिळत नाही. तो आपल्याच माळ्यावर पडून असतो.