पैनगंगेची रेघ : थकबाकीपोटी पडलेली सीमा आणि तिच्या काठची गावे

१/८ यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, केळापूर व झरी जामणी तालुक्यांत, तेलंगणाला लागून असलेली गावे दवाखाना, शाळा आणि रस्ता यांसाठी वर्षानुवर्षे झगडत आहेत. त्यांना मिळणारे उत्तर ठरलेले असते: ‘गावे दुर्गम आहेत.’ हे उत्तर इतिहासाला धरून नाही.

२/८ पैनगंगा ही सनातन सीमा नव्हे. अकबरकालीन वऱ्हाड सुभ्यात माहूरचे सरकार मोडत असे, आणि माहूर तर नदीच्या दक्षिणेस आहे. पुढे निजामाच्या अमलातही दोन्ही तीर एकाच राज्यात होते.

३/८ हे चित्र १८५३ च्या तहाने पालटले. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चाची निजामाकडील थकबाकी पुढे करून कंपनी सरकारने वऱ्हाड प्रांत आपल्या ताब्यात घेतला. उत्तर तीरावर इंग्रज आले, दक्षिण तीरावर निजाम उरला. काठच्या रयतेला कोणी विचारले नाही.

४/८ १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. १९५६ मध्ये यवतमाळ मुंबई राज्यात आणि पलीकडचे आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. २०१४ मध्ये तेलंगण झाले. फलक बदलत गेले. येथील रेघ तीच राहिली.

५/८ या रेघेची किंमत शासकीय निकषांत दिसते. आदिवासी भागात आरोग्य उपकेंद्रासाठी ३,००० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी २०,००० लोकसंख्या धरली जाते. आतल्या गावाभोवती चारही दिशांची माणसे मोजली जातात. सीमेवरच्या गावाची मोजणी मात्र नदीशी थांबते. मूठभर घरांचे कोलाम पोड या हिशेबात कोठून बसणार?

६/८ पाटणबोरीहून आदिलाबाद जवळ, यवतमाळ कितीतरी लांब. रुग्ण साहजिकच जवळची वाट धरतो. पण महात्मा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राची, आरोग्यश्री तेलंगणाची. नदी ओलांडताच रुग्ण परका ठरतो.

७/८ ‘आरोग्य हा राज्याचा विषय, राज्यघटना आड येते,’ असे म्हणणाऱ्यांनी राज्यसूची पुन्हा वाचावी. पाणी हाही राज्याचाच विषय आहे. तरी पैनगंगेच्या पाण्यासाठी १९७५ मध्ये दोन राज्यांचा करार झाला आणि २३ ऑगस्ट २०१६ रोजी चनाखा-कोरटा बंधाऱ्यावर दोन मुख्यमंत्र्यांनी मुंबईत सह्या केल्या. चनाखा यवतमाळचे, कोरटा आदिलाबादचे. २०२३ मध्ये तर महाराष्ट्राने कर्नाटकातील ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे सरकारला रेघ ओलांडता येते.

८/८ मग पाण्याला मिळालेला न्याय माणसांना का नको? दोन्ही तीरांची लोकसंख्या एकत्र मोजून उपकेंद्रे द्यावीत, दोन्ही राज्यांची आरोग्यपत्रे दोन्हीकडे चालावीत, आणि तसा लेखी करार व्हावा. तो होईपर्यंत ‘दुर्गम’ हा शब्द भूगोलाचा नव्हे, शासनाच्या अनास्थेचा पुरावा मानावा लागेल.