कोंडणार सरकार, पैसे भरणार प्रवासी?

कोरोनाच्या साथीत, जानेवारी २०२१मध्ये, मुंबई विमानतळावर महापालिकेच्याच एका अभियंत्याला पोलिसांनी अटक केली. परदेशातून उतरलेल्या प्रवाशांना विलगीकरणासाठी हॉटेलात पाठवणे हे त्याचे काम. पैसे घेऊन तो काही जणांना परस्पर घरी सोडतो, असा आरोप होता. ब्रिटन, युरोप आणि आखाती देशांतून येणाऱ्यांना तेव्हा महाराष्ट्रात संस्थात्मक विलगीकरण सक्तीचे होते. खोलीचे भाडे, जेवण, चाचणी, सगळे प्रवाशाच्या खिशातून. हॉटेलचे बिल आणि लाच यांतले स्वस्त काय, याचा हिशेब प्रवाशाला करायला लावणारी व्यवस्था कागदावर कितीही कडक दिसली, तरी साथ रोखण्याच्या कामी ती पोकळच ठरते.

विलगीकरण नकोच होते, असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्राला तर त्याचा धडा अगदी सुरुवातीलाच मिळाला. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात निदान झालेले पहिले दोन रुग्ण दुबईच्या सहलीहून १ मार्चला परतले होते. त्यांना मुंबईहून घरी आणणाऱ्या टॅक्सीचालकालाही लागण झाली. केंद्राने ११ मार्चला १४ दिवसांच्या विलगीकरणासाठी सात देश ठरवले: चीन, इटली, इराण, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी. त्या यादीत दुबई नव्हती. अमिराती, कतार, ओमान आणि कुवेतहून येणाऱ्यांना हा नियम लागू झाला तो १८ मार्चपासून, म्हणजे पुण्यातल्या निदानानंतर नऊ दिवसांनी. आखाताशी मुंबईचा जितका राबता आहे, तितका क्वचितच कुणाशी असेल. तरीही यादी विषाणूच्या मागे धावत राहिली.

म्हणजे आलेल्या माणसाला काही दिवस वेगळे ठेवणे योग्यच होते, आणि ते लवकर व सरसकट व्हायला हवे होते. प्रश्न आहे तो खर्चाचा. ज्याला कोंडले जाते, तो स्वतःसाठी कोंडला जात नाही. शेजाऱ्यांसाठी, शहरासाठी कोंडला जातो. मग त्याचे पैसे त्यानेच का द्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवलेले आहे. भारतासह १९६ देश बांधील असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतले, म्हणजे २००५च्या नियमावलीतले, कलम ४० सांगते की आरोग्य तपासणी, विलगीकरण किंवा क्वारंटाइन यांसाठी प्रवाशाकडून शुल्क घेऊ नये. वास्तव्यासाठी येऊ पाहणाऱ्यांचा अपवाद त्यात आहे, पण मायदेशी परतणारा नागरिक त्या अपवादात बसत नाही. कलम ३२ प्रवाशांना सन्मानाने वागवण्याची आणि विलगीकरणात अन्न, पाणी, निवास, औषधोपचार पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. इतकी स्पष्ट भाषा असताना देशोदेशींच्या सरकारांनी बिले फाडली. ऑस्ट्रेलियात सुरुवातीला हॉटेलचा खर्च सरकार करत होते. जुलै २०२०पासून न्यू साउथ वेल्सने एका प्रौढासाठी ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आकारायला सुरुवात केली. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१मध्ये दहा दिवसांचे १,७५० पौंड लावले आणि त्याच ऑगस्टमध्ये ते २,२८५वर नेले.

परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची पहिली विमाने ७ मे २०२० रोजी आखातातूनच निघाली. तिकीट स्वतःचे, आणि उतरल्यावर चौदा दिवसांचे संस्थात्मक विलगीकरणही स्वतःच्या पैशाने. २४ मेच्या नियमांनी ते सात दिवसांवर आले, पुढचे सात दिवस घरी. त्या विमानांतून कोण आले? व्हिसा संपलेले, नोकरी गेलेले, महिनोन्महिने पगार न मिळालेले मजूर. रत्नागिरी आणि रायगडच्या कितीतरी गावांत घरटी एक माणूस आखातात असतो. त्या घरांमध्ये पैसे येणे थांबलेले होते आणि माणूस परत आणायलाच पैसे लागत होते. केरळने मे २०२०च्या अखेरीस परतणाऱ्यांकडून विलगीकरणाचे पैसे घेण्याचे जाहीर केले. त्यावर इतका गदारोळ झाला की गरिबांना पैसे द्यावे लागणार नाहीत, असा खुलासा मुख्यमंत्री पिनराई विजयन यांना करावा लागला.

विमानाने फिरणाऱ्याला हॉटेलचे पैसे जड नाहीत, हा युक्तिवाद त्या काळात सर्रास ऐकू येत होता. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुट्टीवर गेलेले श्रीमंत कुटुंब असते. वडिलांच्या अंत्यविधीला पोहोचू पाहणारी मुलगी त्यांना दिसत नाही. बोटीवरून उतरण्याची मुदत कधीच उलटून गेलेला खलाशी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाने २०२०च्या अखेरीस असे सुमारे चार लाख दर्यावर्दी जहाजांवर अडकले होते. सौदी आणि कुवेतला कामावर परत निघालेले भारतीय कामगारही त्यांच्या हिशेबात येत नाहीत. थेट प्रवेश बंद म्हणून ते आधी दुबईत चौदा दिवस काढायचे आणि मग पुढे जायचे. डिसेंबर २०२०मध्ये सीमा अचानक बंद झाल्या आणि पुन्हा फेब्रुवारीत सौदीने वीस देशांतल्या प्रवाशांना बंदी केली. शेकडो माणसे दुबईत अडकली. हातातले पैसे संपले होते, आणि ना पुढे जाता येत होते ना मागे.

तैवानने वेगळा मार्ग धरला. विलगीकरणात असलेल्या माणसाला दिवसाला १,००० तैवानी डॉलर भरपाई दिली. सरकारने इशारा दिल्यानंतरही विनाकारण परदेशी गेलेल्यांना मात्र वगळले. त्यामागचा विचार सरळ आहे. माणूस लक्षण लपवतो, पत्ता खोटा देतो, मागच्या दाराने निसटतो, ते बहुतेकदा नुकसानीच्या भीतीने. ती भीती काढली की तो स्वतःहून पुढे येतो. सार्वजनिक आरोग्यात लोकांचा विश्वास हे औषधाइतकेच मोलाचे साधन आहे, आणि महाराष्ट्राने ते मार्च २०२०मध्ये हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारून वाया घालवले. शिक्का असलेल्या प्रवाशांना सहप्रवाशांच्या तक्रारीवरून पालघरला रेल्वेतून उतरवले गेले. घरी वेगळे कसे राहायचे, दूध-किराणा कोण आणून देणार, पगार कोण भरून देणार, याची सोय काहीच नव्हती. शिक्का तेवढा होता.

बिल प्रवाशाच्या माथी मारण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. ज्या निर्णयाचा खर्च घेणाऱ्याला सोसावा लागत नाही, तो निर्णय फार सहज घेतला जातो आणि फार उशिरा मागे घेतला जातो. हाँगकाँगने अनेक देशांतून येणाऱ्यांना २१ दिवस हॉटेलच्या खोलीत ठेवले, लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाही. ही सक्ती पूर्ण संपायला सप्टेंबर २०२२ उजाडला. ते दिवस सरकारी तिजोरीतून मोजले जात असते, तर चौदा का, एकवीस का, सात का नाहीत, हे अर्थखात्याने पहिल्याच महिन्यात विचारले असते.

आणि पारपत्र पाहून नियम बदलणे किती सोपे होते, हे पुण्याइतके कोणाला ठाऊक असणार? ब्रिटनने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले ५० लाख डोस मार्च २०२१मध्ये नेले आणि आपल्या नागरिकांना टोचले. सप्टेंबरमध्ये त्याच ब्रिटनने जाहीर केले की भारतात तीच लस घेतलेल्यांना ४ ऑक्टोबरपासून लस न घेतलेले समजले जाईल आणि दहा दिवस वेगळे राहावे लागेल. आधी कारण लसीचे वाटले, मग प्रमाणपत्राचे सांगण्यात आले. भारताने ब्रिटिश नागरिकांवर तसाच नियम लादला, तेव्हा ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने माघार घेतली. त्या आठवडाभरात विषाणूमध्ये काहीही बदल झालेला नव्हता.

ऑस्ट्रेलियाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. मे २०२१च्या पहिल्या पंधरवड्यात भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना प्रवेशबंदी केली; मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड. भारतात तेव्हा सुमारे नऊ हजार ऑस्ट्रेलियन परतण्यासाठी नाव नोंदवून बसले होते. त्यांतले बहुतेक भारतीय वंशाचे होते, हे वेगळे सांगायला नको. आणि याच देशाकडे त्यावरचा उत्तम उपाय तयार होता: डार्विनजवळच्या हॉवर्ड स्प्रिंग्जची मोकळ्या हवेतली छावणी. वायुप्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेल्या स्वतंत्र खोल्या, प्रत्येकीपुढे व्हरांडा, आणि प्रशिक्षित वैद्यकीय पथक. उलट मेलबर्नच्या हॉटेलांत खासगी कंत्राटी सुरक्षारक्षकांच्या भरवशावर चालवलेल्या विलगीकरणातून २०२०च्या मध्यात विषाणू बाहेर पडला. निवृत्त न्यायाधीश जेनिफर कोट यांच्या चौकशीने त्या लाटेतल्या साडेसातशेहून अधिक मृत्यूंचा माग त्या हॉटेलांपर्यंत नेला. पैसे वाचवून आणि जबाबदारी कंत्राटदारावर सोडून चालवलेले विलगीकरण किती महाग पडते, याचा याहून मोठा पुरावा नाही.

आपल्याकडे यातले बरेच काही ज्या कायद्याखाली चालले, तो १८९७चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगसाठी घाईने केलेला, मुळात चार कलमांचा. प्रवाशांची तपासणी करा, त्यांना वेगळे ठेवा, असे तो सांगतो. खर्च कोणी आणि कसा भरायचा, नुकसानभरपाई द्यायची का, हे मात्र सरकारने ठरवावे इतकेच म्हणून थांबतो. परकीय सरकारला हवी होती ती मोकळीक लोकशाहीतल्या सरकारने सव्वाशे वर्षांनी तशीच वापरली. केंद्र आणि राज्य यांचा मेळही त्यात नाही. ओमायक्रॉनच्या वेळी महाराष्ट्राने ३० नोव्हेंबर २०२१ला सात दिवसांच्या सक्तीच्या विलगीकरणाचा आदेश काढला, केंद्राने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून त्यातल्या विसंगतीवर आक्षेप घेतला आणि २ डिसेंबरला आदेश बदलला गेला. त्या तीन दिवसांत विमानात बसलेल्या माणसाने कोणता नियम मानायचा होता?

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये आपल्या २८६व्या अहवालात या कायद्यात सुधारणा करा किंवा नवा सर्वंकष कायदा आणा, अशी शिफारस केली. त्या कायद्यात चार गोष्टी नावानिशी लिहिल्या गेल्या पाहिजेत: परतणाऱ्या नागरिकाच्या विलगीकरणाचा खर्च सरकारचा, बुडालेल्या मजुरीची भरपाई, मुदत वाढवायची तर त्याची लेखी कारणे, आणि मृत्यू, बाळंतपण, गंभीर आजार यांसाठी चोवीस तासांत सवलतीचा निर्णय. महाराष्ट्राने तर संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झाले आहे आणि त्या परिसराची आखणी अजून चालू आहे. हवेशीर, स्वतंत्र खोल्यांची एक कायमस्वरूपी विलगीकरण वसाहत तिथेच राखून ठेवता येईल. एरवी ती प्रशिक्षणासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी वापरावी. जागा आज राखली नाही, तर पुढच्या साथीत पुन्हा हॉटेलांच्या दरांची यादीच प्रवाशाच्या हातात पडेल.