वंशावर थांबायचं धैर्य

पावसाळा ओसरू लागला की वर्तुळाकार जाळी विणणारे कोळी वयात येतात, आणि आमच्या नियतकालिकाच्या विलेपार्ल्याच्या कार्यालयात त्यांच्या छायाचित्रांची रीघ लागते. छायाचित्रं एकाहून एक सुरेख असतात आणि प्रत्येकाखाली प्रजातीचं पूर्ण नावही असतं. पण ते नाव पुष्कळदा त्या छायाचित्रावरून सिद्ध होत नाही. पुरावा वंशापर्यंतच (जीनसपर्यंतच) जात असेल, तर आपणही तिथेच थांबायला हवं.

आर्जिओपे म्हणजे सिग्नेचर स्पायडर घ्या. अनसूजा आणि पुल्केला या दोन प्रजाती पाठीकडून पाहिल्या तर भल्याभल्यांना चकवतात. निओस्कोना वंशात एकाच प्रजातीच्या माद्या रंग-नक्षीत इतक्या वेगळ्या दिसतात, की त्या वेगवेगळ्या प्रजाती वाटाव्यात. खरा निवाडा होतो तो मादीच्या एपिगाइन आणि नराच्या पाल्प या प्रजनन-अवयवांवर. अपरिपक्व कोळ्यात हे अवयव पूर्ण घडलेलेच नसतात. नेफिला पिलिपेसची मादी चार-पाच सेंटिमीटरची, तर नर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. तो एकटा टिपला, तर नवखा अभ्यासक त्याला दुसऱ्याच वंशात टाकेल.

आपल्या हाताशी असलेले आधारग्रंथही जपून वापरावे लागतात. पोकॉक यांचा कोळ्यांवरचा खंड 1900चा, तर टिकादर यांचा अरेनिडी कुलावरचा 1982चा. त्याआधी 1963मध्ये टिकादर यांनी पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात महाराष्ट्रातल्या कोळ्यांवर लिहायला सुरुवात केली होती. हे काम आजही पायाभूत आहे, पण नंतर अनेक नावं बदलली आणि काही एकमेकांत विलीन झाली. म्हणून ग्रंथातलं नाव बर्नहून चालणाऱ्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. नेफिलाचंच पाहा. तो टेट्राग्नाथिडी कुलात गेला, 2006मध्ये त्याला स्वतंत्र कुल मिळालं, 2017मध्ये तो अरेनिडीत परतला, 2019मध्ये पुन्हा वेगळा झाला आणि त्यानंतर पुन्हा अरेनिडीत उपकुल म्हणून मांडला गेला. याला कोणी गोंधळ म्हणेल. आम्हाला त्यात पुरावा बदलला की मत बदलणारं शास्त्र दिसतं.

जाळ्यावरून कुल ठरवायची सवयही तपासून घ्यावी. जुन्या घरांच्या कोपऱ्यात सापडणारा झोसिस जेनिक्युलाटा वर्तुळाकार जाळं विणतो, पण तो युलोबोरिडी कुलातला. त्याला विषग्रंथी नाहीत, आणि त्याचा धागा चिकट थेंबांनी नव्हे, तर पिंजलेल्या तंतूंनी भक्ष्य पकडतो. उलट सिर्टोफोरा अरेनिडीतला असूनही त्याच्या तंबूसारख्या जाळ्याला चिकटपणाच नाही. 2014च्या जनुकीय अभ्यासांनीही वर्तुळाकार जाळं विणणारे सगळे एकाच घराण्यातले, ही समजूत मोडीत काढली. तरीही जाळ्याची नोंद हवीच. ती पुराव्याचा एक भाग आहे, निकाल नव्हे.

तेव्हा पाठीबरोबर पोट आणि बाजूही टिपा. जाळं पूर्ण दिसू द्या. त्याचा कल, जमिनीपासूनची उंची, आधार भिंतीचा की झाडाचा, हे लिहा. लांबी मिलिमीटरमध्ये द्या. मेलेला नमुना मिळाला तर 70-80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि स्थळ-तारखेची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. शाईचा भरवसा नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. पण रीतसर मिळालेल्या नमुन्याचं मोल मोठं. 'हॅरी पॉटर'मधल्या टोपीसारख्या दिसणाऱ्या एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी या कोळ्याचं नाव जगभर गाजलं, पण 2016मध्ये ती प्रजाती प्रस्थापित झाली ती नमुन्याच्या शास्त्रीय वर्णनामुळे.

पार्ल्यातले जुने बंगले आणि बैठ्या इमारती पुनर्विकासात झपाट्याने जात आहेत. आवारातल्या आंब्या-फणसाच्या खोडांना चिकटून जाळं विणणाऱ्या हेरेनिया मल्टिपंक्टासारख्या कोळ्यांचा आसराही त्यांच्याबरोबर जातो. उद्या कोणी विचारलं, इथे काय होतं, तर उत्तर आपल्या आजच्या नोंदींतून द्यावं लागेल. चुकीचं नाव लावलेली नोंद तेव्हा कोऱ्या पानाहून अधिक घातक ठरेल, कारण तिच्यावर कोणीतरी विश्वास ठेवेल.

म्हणून पुढच्या अंकापासून पुरावा वंशापर्यंतच असेल, तर आम्ही नाव वंशापर्यंतच छापू. अशा नोंदीला दुय्यम जागा मिळणार नाही. प्रजातीचं नाव हवं असेल, तर ते कशावरून ठरवलं, हे एका ओळीत लिहून पाठवा.